सरळ केसांचा भाऊ

गावात माणसं सहाशे चाळीस आणि केस कापणारी बाई एक. तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. दुकान खालच्या आळीच्या तोंडाशी, जिथून वरच्या आळीचा चढ सुरू होतो तिथे. एक फिरती खुर्ची, कोपऱ्यात तडा गेलेला आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक आणि सतत कुरकुरणारी पाण्याची किटली. दुसरं दुकान गाठायचं तर बसने सहा तास, आणि बस आठवड्यातून दोनदा. त्यामुळे मावशीशी भांडण कोणालाच परवडत नसे, आणि मावशीला हे पक्कं ठाऊक होतं.

खाण चालू होती तेव्हा मालकांनी चारी दिशांनी माणसं आणली. उत्तरेकडून कारकून आणि मुकादम आले, समुद्रापलीकडून करारावर मजूर आले, मेंढ्या राखणारे तर इथलेच. तीन पिढ्या एकाच नळावर पाणी भरल्यावर जे व्हायचं ते झालं. पण माणसांच्या सरकारी मोजणीच्या कागदावर चार चौकटी होत्या: मूळचे, उत्तरेकडचे, समुद्रापलीकडचे आणि मिश्र. वरची आळी स्वतःला उत्तरेकडची म्हणवायची. मावशीला याचं हसू यायचं, कारण वरच्या आळीतल्या निम्म्या सरळ केसांची कर्तीकरवती तीच होती. बेकरीवाली दर महिन्याला दोन तास खुर्चीत बसून कुरळे केस सरळ करून घ्यायची, आणि उठली की खालच्या आळीच्या बायकांकडे बघायचीसुद्धा नाही.

पण मावशीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक वेगळंच होतं. दर दुसऱ्या मंगळवारी उजाडताना, दुकान उघडायच्या आधी, मागच्या दाराने वरच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर यायचे. त्यांचे केस ती इतके बारीक कापायची की मुळाशी वळण दिसायला जागाच उरू नये. चारचौघांत ती त्यांना "मास्तर, तुम्ही" म्हणायची. मागच्या खोलीत म्हणायची "दादा, तू".

सख्खा भाऊ होता तिचा.

बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सात वर्षांची, तो नऊ. आई खाणीच्या साहेबांचे कपडे इस्त्री करायची. तेव्हाचा मोजणी कारकून कुणाला काही विचारायचा नाही, नुसता बघायचा. केसांत बोटं घालायचा आणि चौकट ठरवायचा. ज्या मुलाला 'मिश्र' चौकट मिळेल त्याला वरच्या शाळेचं दार बंद. कारकून आळीत शिरल्याचं कळलं तशी आईने कोळशाची इस्त्री तापवली, टेबलावर चादर पसरली, मुलाचं डोकं आडवं धरलं आणि ओलं फडकं ठेवून त्याचे केस इस्त्री केले. जळका वास सगळ्या घरभर झाला. बहीण मागे रांगेत उभी होती, आपला नंबर कधी येतो म्हणून. तिचा नंबर यायच्या आत दार वाजलं.

एकाच आईची दोन मुलं दोन चौकटींत गेली. दादा वरच्या शाळेत गेला. शाळेजवळच्या एका निपुत्रिक कारकुनाने त्याला घरी ठेवून घेतलं आणि पुढच्या कागदांवर 'भावंडे: नाही' असं लिहून टाकलं. आई गेली तेव्हा तो शाळेतर्फे हार घेऊन आला, परक्यासारखा मागे उभा राहिला आणि परक्यासारखा निघून गेला. त्या दिवसाचा राग मावशीने गिळला होता, पण पचला नव्हता. गावातल्या म्हाताऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळे गप्प.

या वर्षी पुन्हा मोजणी निघाली. गावच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं म्हणून मोजणीवाल्याने मावशीच्या दुकानातच टेबल टाकलं. चष्म्याचा, सर्दी झालेला, तसा साधा माणूस. आता केसांत बोटं घालायची पद्धत गेली होती. माणूस सांगेल ते लिहायचं, फक्त एका माणसाला एकच चौकट, आणि सख्ख्या भावंडांच्या चौकटी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर दोघांची चौकशी.

"मावशी, तुमचा फॉर्म भरून टाकू," तो नाक पुसत म्हणाला. "चौकट मिश्र. मागच्या वेळी तीच आहे."

"मिश्र म्हणजे काय हो? खत आहोत का आम्ही?"

बाकावरची माणसं हसली. मोजणीवालाही हसला. "भावंडे नाही. बरोबर ना? मागच्या वेळी तसंच लिहिलंय."

मावशीच्या हातातली कात्री थांबली. मागच्या सगळ्या मोजण्यांत ती याच शब्दावर मान डोलावत आली होती. खुर्चीत पोस्टमन अर्धवट कापल्या डोक्याने बसला होता. तो आरशातून तिच्याकडे बघू लागला.

"लिहा," ती म्हणाली. "भाऊ एक. सख्खा."

"नाव?"

"ते त्याचं त्याने सांगायचं. नाही सांगितलं तर मी सांगीन. तुम्ही आहात किती दिवस?"

"तीन आठवडे."

"मग बसा."

पुढच्या मंगळवारी उजाडताना मागचं दार वाजलं. मावशीने दार उघडलं, चहा ओतला, पण खुर्चीवरचं फडकं काही झटकलं नाही.

"आजपासून तुझे केस मी कापणार नाही," ती म्हणाली. "मोजणीच्या फॉर्मवर मी भाऊ लिहिलाय, नाव तुझं तू सांग."

मास्तर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. "माझं वाटोळं करायचंय का तुला? ज्यांना चाळीस वर्षं खरं बोला म्हणून शिकवलं, ते मला खोटारडा म्हणतील."

"खोटारडे तर आहोतच, दोघंही. तू बहीण लपवलीस आणि मी तुझे केस."

"आईने केलं ते माझ्या भल्यासाठी केलं. मी नऊ वर्षांचा होतो गं."

"नऊ वर्षांच्या पोरावर माझा राग नाही. आईच्या तिरडीपाशी हार घेऊन उभा होता त्याच्यावर आहे. तो चांगला चाळिशीचा घोडा होता."

मास्तरांनी कप दूर सारला. चहा तसाच राहिला.

"तुझ्या एका फॉर्मने काय बदलणार आहे?" शेवटी ते म्हणाले.

"मी मेल्यावर कुठल्या तरी कागदावर मला भाऊ होता एवढं तरी राहील. बावन्न वर्षं मी रांगेत उभी आहे, दादा. आता नाही उभी राहणार."

ते न कापताच मागच्या दाराने गेले. नंतर भर उन्हाळ्यात मास्तर लोकरीची टोपी घालून फिरताना दिसू लागले. वरच्या आळीत कुजबुज झाली, मास्तरांना कानाचा त्रास आहे म्हणून. दुसरा मंगळवार आला, मागचं दार वाजलं नाही. मावशीने वरवर काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिने पोस्टमनच्या कानाला कात्री लावली, आणि असं तिच्या हातून कधीच झालं नव्हतं. आपण भाऊ मिळवायला निघालो आणि होता तोही घालवून बसलो, या भीतीने तिला झोप लागेना. तरी सकाळी मोजणीवाल्याने "नाव लिहू का?" विचारलं की ती म्हणायची, "तीन आठवडे म्हणालात ना? शब्द म्हणजे शब्द."

शेवटच्या दिवशी दुकान गच्च भरलं होतं. ज्यांचे फॉर्म राहिले होते ते सगळे आले होते. बेकरीवाली खुर्चीत, डोक्याला केस सरळ करायचं औषध लावून बसलेली. दुपारचे बारा वाजले असतील. चढावरून मास्तर उतरत आले आणि पुढच्या दाराने आत शिरले. या दाराने ते आजवर कधी आलेच नव्हते. उंबऱ्याला अडखळले, कारण उंबरा किती उंच आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

आत आल्यावर त्यांनी टोपी काढली.

महिन्याभराचे पांढरे केस. फार वाढले नव्हते, पण वाढले होते तेवढे सगळे गोल गोल वळलेले, थेट आईसारखे. किटली तेवढी कुरकुरत होती.

"हिचा फॉर्म काढा," मास्तर मोजणीवाल्याला वर्गातल्या आवाजात म्हणाले. "भावाचं नाव लिहायचं राहिलंय ना? माझं लिहा. आणि माझ्या फॉर्मवर बहीण एक, सख्खी."

"पण सर, तुमची चौकट उत्तरेकडची आणि यांची..."

"ती चौकट माझ्या आईने इस्त्रीने मिळवली होती. तिला दोष देऊ नका, वेळ एकाच डोक्यापुरता होता. आता चारही चौकटींत खूण करा. आम्हा दोघांच्याही."

"चार चालत नाहीत, सर. फॉर्म परत येतील. चौकशी होईल, नोटीस शाळेच्या फळ्यावर लागेल."

"लागू दे. फळा मीच पुसून ठेवतो."

मोजणीवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चार खुणा केल्या. मग पुन्हा चार. खुर्चीतून आवाज आला. बेकरीवालीने औषधाने भिजलेलं डोकं वळवलं होतं.

"माझा फॉर्म परवा दिलाय. परत मिळेल का?" ती म्हणाली. "आणि मावशी, हे डोक्यावरचं धुऊन टाका. आग होतेय. वीस वर्षं होतेय."

मावशीने तिचं डोकं धुतलं, पुसलं आणि तिला बाकावर बसवलं. मग तिने खुर्चीवरचं फडकं दोनदा झटकलं. मास्तर खुर्चीत बसले. आरशात दोन चेहरे एकावर एक दिसत होते, आणि बाकावरच्या लहानग्यांनाही आता काही सांगावं लागलं नसतं. तिने सवयीने कात्री उचलली.

"कापू नकोस," ते म्हणाले. "नुसते विंचर."

मावशीने कात्री ठेवली आणि कंगवा घेतला. सगळं दुकान ऐकत होतं. तिचा आवाज जरा चिरकला, पण चांगला मोठा लागला.

"दादा, मान खाली कर."