‘हान!’ म्हटलं की उडी

आजकाल पोहण्याच्या शर्यती बघायला जाणं म्हणजे पातेल्यात उकळणारे बटाटे बघत बसणं. एकसारख्या रबरी टोप्या, एकसारखे काळे चष्मे. त्यातला आपला बटाटा कोणता, हे निकाल लागल्यावर कळतं. पालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि निकाल लागतो सेकंदाच्या शंभराव्या भागावर, जो आमच्या वऱ्हाडात आजवर कोणाच्या काही कामी आलेला नाही.

आम्ही पोहायला शिकलो वलगावच्या विहिरीत. तिथली शर्यत बघायला अर्धं गाव काठावर लोटायचं. कोण जिंकलं याचं कोणाला फारसं काही नसायचं. कोणाची चड्डी पाण्यात राहिली, हे मात्र वर्षभर चघळायला पुरायचं. शिटीबिटी नव्हती. काठावरून कोणीतरी "हान!" म्हणून ओरडलं, की सगळ्यांनी उडी टाकायची. कोणी आधीच उडाला, तर त्याला चार शिव्या घालून डाव पुन्हा.

माझी लेक अमरावतीत वाढली, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत माझ्या भावानं तिला त्याच विहिरीत शिकवलं, त्याच आरोळीवर. पुढे ती इथल्या जलतरण तलावावर जायला लागली. यंदा वर्षभर पहाटे उठून तिनं घाम गाळला, कारण विभागात पहिली येणारीच राज्याला जाणार होती.

विभागीय स्पर्धा अकोल्याला होती. भाऊ वलगावहून पिकअप घेऊन, लग्नाला आल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून आला. गॅलरीत थोडा वेळ बसला. "काहून सारे मयतीले आल्यासारखे बसून राह्यले?" म्हणाला आणि पुढच्या कठड्याला जाऊन टेकला.

मुली काठावरच्या उडीच्या ठोकळ्यांवर चढल्या, वाकल्या. शर्यत सुटल्याचा भोंगा वाजायच्या आधी क्षणभर सगळं चिडीचूप होतं. ती शांतता भावाला सोसवली नाही.

"हान!"

बाकीच्या मुली जागच्या हलल्या नाहीत. एकच उडाली. ती कोणाची, हे कळायला मला निकालाची गरज नव्हती. शिट्या वाजत राहिल्या, पण कान पाण्यात, तिला काय ऐकू येणार? एकटीच सुसाट गेली. गॅलरीनं पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवले, लोक उठून उभे राहिले, टाळ्या पडल्या. दिवसभरात लोकांनी खरी पाहिली ती तेवढीच शर्यत.

ती भिंतीला लागली आणि बाद झाली. आताच्या नियमात डाव पुन्हा नाही.

भाऊ पंचांना जाऊन भिडला. "बोंबललो मी. मले काढा भाईर, पोट्टीले काहून?"

"प्रेक्षकाला बाद करायचा नियम नाही," पंच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी त्याला प्यायला पाणी दिलं.

परतीच्या वाटेवर भाऊ नुसता समोर बघून पिकअप हाकत होता. जेवलाही नव्हता. लेक त्याच्या शेजारी बसली होती.

"मामा, पण पह्यली तर मीच आली ना?"

"एकटीच होती तू."

"मंग दुसरी कोण आली, सांगा!"

मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं त्याला हसवलंच. आम्हाला दारात सोडून वलगावला निघताना तो, पुढच्या वर्षी तोंडाला दुपट्टा बांधून येतो, म्हणत होता. ती हात हलवत उभी राहिली.

गाडी वळली, तशी ती पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी जवळ घेतलं, तर म्हणाली, "मामाले सांगू नको."