रेषा नसलेला अंगठा

नोकरी संपली तरी ते प्रकरण डोक्यातून गेलेलं नाही. तपास माझ्या नावावर लागला खरा, पण डोळे उघडले ते एका भाकऱ्या थापणाऱ्या बाईनं आणि एका रेशन दुकानदारानं, हे आधीच कबूल करतो.

हुबळीत महापालिका निवडणुकीचे दिवस होते. गोकुळ रोडमागच्या वॉर्डात एका उमेदवारानं भिंती रंगवल्या होत्या : 'मालकाच्या संमतीशिवाय कुणाची इंचभर जागा जाऊ देणार नाही.' जीपमधून जाताना मी ते वाचून हसायचो. अहो, तीस वर्षं खाकीत काढलेला माणूस भिंतीवर कशाला विश्वास ठेवतोय!

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपते तोच साठीची एक बाई ठाण्यात आली. नवरा वारलेला, जन्मभर खानावळीत ज्वारीच्या भाकऱ्या थापलेल्या. त्याच वॉर्डात तिची स्वतःची एक खोली होती. शेजारी प्लॉट पाडून विकायला काढलेल्या ले-आउटला रस्ता हवा म्हणून ले-आउटवाले खोली पाडायची लाल खूण मारून गेले होते. तिनं संमतीपत्रावर अंगठा दिलाय, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यावर साक्षीदार कोण? त्या उमेदवाराचाच मेव्हणा!

"मी अंगठा दिलाच नाही बघा अण्णा. खोली गेली तर मी कुठं जाऊ?"

"अक्का, अंगठा देताना कुणाला तरी विचारायचं असतं की," मी म्हणालो.

ती तक्रार अर्ज टेबलावर ठेवून निघून गेली. मी बोललेलं ते वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

दुपारी रेशन दुकानदाराचा फोन आला. "साहेब, अक्काचा अंगठा कागदावर उठला म्हणे? माझ्या मशीनवर तर दोन वर्षं झाली, उठतच नाही. दर महिन्याला ओटीपी मागवून तांदूळ देतो मी तिला."

मी ताडकन उठलो. ले-आउटच्या ऑफिसातून मूळ संमतीपत्र जप्त केलं, अक्काला बोलावून घेतलं आणि तिच्या अंगठ्याला शाई लावली. कागदावर नुसता काळा डाग पडला. पीठ आणि तापलेला तवा यांनी रेषा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. संमतीपत्रावरच्या ठशात मात्र रेष न् रेष मोजून घ्यावी.

मेव्हण्याला चौकशीला बसवलं. तासभर त्याचं एकच पालुपद : "म्हातारीनं माझ्यासमोर अंगठा दिला. विसरली असेल." मी आवाज चढवला नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शाईचं पॅड त्याच्याकडे सरकवलं. "आता तुमचा द्या."

त्यानं हात टेबलाखाली नेला. तिथंच मी समजलो. ठसेतज्ज्ञांचा अहवाल पुढं आलाच, पण ले-आउटमध्ये एक प्लॉट फुकट मिळेल या लोभानं अंगठा आपणच उठवला, हे त्यानं त्याआधीच सांगून टाकलं.

संध्याकाळी उमेदवाराची गाडी ठाण्यासमोर थांबली. आला दबाव, म्हणून मी सावरून बसलो.

"साहेब, बायको घरी रडत बसलीय," तो उभ्यानंच म्हणाला. "पण माझ्या पाहुण्याला सोडू नका. सोडलात तर भिंतीवरचं मला पुसावं लागेल." मग बाकावर बसलेल्या अक्कापुढं जाऊन त्यानं हात जोडले. "तप्पायितु अक्का, माझ्या घरच्या माणसानं चूक केली."

विरोधकांनी मेव्हण्याच्या नावानं वॉर्ड डोक्यावर घेतला आणि उमेदवार निवडणुकीत पडला. अक्काची खोली मात्र जागच्या जागी राहिली.

गरिबाची तक्रार आधी पूर्ण ऐकावी आणि पुढारी दिसला की मनात शिक्का मारू नये, एवढं मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. उशिरा का होईना, शिकवणारे भेटले. अक्का, दुकानदार आणि तो पडलेला उमेदवार, या तिघांचे उपकार मी विसरणार नाही.

दर संक्रांतीला अक्का विद्यानगरच्या माझ्या घरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या घेऊन येते. "अण्णा, कडक झाल्यात, जपून खावा," असं बजावते. भाकरीवर तिची बोटं स्वच्छ उमटलेली असतात. ती बघतो, मनातल्या मनात तिची माफी मागतो आणि मग तुकडा मोडतो.