डिफॉल्ट म्हणजे कसूर नव्हे

“नागसेना, जय भीम. हैदराबादला कुणाच्या हाताखाली आहेस ते कळव. आणि तिथं डिफॉल्ट हा शब्द तोंडातून काढू नकोस!”

एवढं फोनमध्ये बोलून पंचफुलाबाईंनी तो गादीवर आपटला. निरोप गेला की नाही, पाहिलंसुद्धा नाही.

नागसेन बाईंचाच मराठी शाळेतला विद्यार्थी. बेज्जूरकडच्या मजुराचा मुलगा, तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका शिक्षण कचेरीत कंत्राटी ऑपरेटर झाला. बंद पडलेल्या शाळांचे दाखले शोधण्यात लोकांचा दिवस मोडे, म्हणून त्यानं आपल्या मनानं एक प्रोग्राम लिहिला. नाव टाका, फाईल आपोआप उघडते. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची ते त्यात लिहिलेलं नव्हतं. मशीनला जे नेमून दिलेलं असेल, त्यात.

एके सकाळी साहेबांनी मशीनवर तेलुगू टायपिंगचं सॉफ्टवेअर चढवून घेतलं. त्यानं सगळ्या फाईली आपल्याकडे ओढल्या. बाई नातीच्या, दीपमालाच्या दाखल्यासाठी तिथंच उभ्या होत्या. नाव टाकलं, तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी.

“दाखले खराब केले यानं!” साहेब तेलुगूत कडाडले.

“नाही सर, डिफॉल्ट बदललं. आत्ता करतो ठीक,” नागसेन म्हणाला.

हेडक्लार्क लक्ष्मणराव जुन्या निजामी कागदांत मुरलेले. “डिफॉल्ट म्हणजे कसूर, साहेब. कबूलच करून राह्यला पोरगा!”

“अहो, डोकं गहाण ठेवलं काय?” बाई उसळल्या. “डिफॉल्ट म्हणजे नेहमीचं, ठरलेलं! तेवढाच त्याचा अर्थ!”

“बाई, तुमी शाळेत शिकवा. कचेरी आमी पाहतो.”

तेवढ्यात नागसेननं नेमणूक बदलली. दाखला स्वच्छ मराठीत उघडला. साहेबांनी मान वळवली नाही. दुपारी पोराला कामावरून काढलं. कारण दिलं, कसूर कबूल. प्रोग्राम मात्र ठेवून घेतला! आजही कचेरी त्यावरच चालते. माणूस बाहेर, त्याची अक्कल आत, आणि लाज कुणालाच नाही.

बाईंच्या स्वतःच्या लॅपटॉपवर त्यांचं लिखाण उघडायला गेलं की फोटोंचा प्रोग्राम उघडतो आणि ‘दिसत नाही’ म्हणतो; तिथंही डिफॉल्टच बदललेलं. “रविवारी येतो, बाई, करून देतो,” असं नागसेन म्हणाला होता. त्या रविवारी तो हैदराबादच्या गाडीत होता.

“आजी, मी करू काय? दोन टिचक्यांचं तं काम,” दीपमाला म्हणते.

“हात लावून तर पाहा! ते नागसेनचं काम आहे.”

लॅपटॉप अजून तसाच आहे.