डोकं घरी राहिलेली राणी

विश्वजित दिवसभर जासईच्या यार्डात चाळीस फुटी कंटेनरांच्या नंबरांशी झटतो आणि कोपरखैरण्याला घरी आला की बोटभर उंचीची माणसं जोडत बसतो. त्याचे वडील बाबासो उभी हयात मार्केटात पोती वाहिलेले. ते म्हणतात, "आमी पाठीवं वझी उचलली, आमचं पोरगं चिमट्यानं हात उचलतंय." हात म्हणजे बाहुलीचा हात.

बाहुली म्हटलेलं विश्वजितला चालत नाही. तो 'सैन्य' म्हणतो. रविवारी सीवूड्सला पार्थच्या फ्लॅटवर चार-पाच नोकरदार पुरुष टेबलावर राक्षस, जादूगार, भालेवाले मांडतात आणि फासे टाकून लढतात. प्रत्येक सैन्याला एक सरदार. पार्थच्या सैन्याची सरदार होती एक राणी. पाठीला पंख, चार हात, हरेक हातात निराळं हत्यार. बहिणीने परदेशातून आणून दिलेली, आणि आता ती बनतच नाही. पार्थने तिचा खोका आजवर कुणाला उघडू दिला नव्हता. तो त्याने विश्वजितच्या हातात दिला आणि म्हणाला, "जोडून, प्रायमर मारून आण. तुझा हात स्थिर आहे." यार्डात बढती मिळाली तेव्हाही विश्वजितची छाती इतकी फुगली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने सुटे भाग चौकटीतून कापून काढले, जोडावरच्या बारीक रेघा पात्याने तासल्या, फेविक्विकने पंख आणि हात चिकटवले. रंगवताना बोट लागू नये म्हणून राणीला बाटलीच्या झाकणावर उभं केलं. डोकं तेवढं वेगळं ठेवलं. कॉलर इतकी उंच, की नंतर चेहऱ्यापर्यंत ब्रश गेलाच नसता. डोकं काडेपेटीत घातलं, खोक्यातला सूचनांचा कागद न वाचताच घडी करून ठेवला आणि गडी झोपला. सकाळी ऊन चढलं की गच्चीवर प्रायमर मारायचा, म्हणजे पुढचा रंग धरावा म्हणून फवारतात तो करडा थर.

सकाळी काडेपेटी जागेवर होती. राणी नव्हती.

"आई, इथं टेबलावर एक बाई होती."

"व्हती," राजाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "पिंपळाखाली नेऊन ठिवली."

"काय?"

"खंडित मूर्ती घरात ठिवत न्हाईत, विश्वा. चार हाताची देवी आन् मुंडकंच न्हाई! तरीच म्हनलं, तुजं लगीन का जुळंना."

"अगं, ती देवी नाहीये!"

"मग चार हात कशापायी?"

 विश्वजितच्या डोळ्यांपुढे पार्थचा चेहरा उभा होता. त्या पिंपळाखाली लोक फुटक्या तसबिरी आणून ठेवतात आणि पालिकेची सकाळची गाडी त्या उचलून नेते. मग राणी कुठल्या ढिगात गेली, कोण शोधणार? त्याने चप्पल पायात सरकवली. आपलंच काही चुकलं की काय, ह्या धास्तीने राजाबाई पिठाच्या हातांनीच मागे निघाल्या.

खाटेवरून बाबासो ओरडले, "आरं, काडेपेटी घे संगं! वळख पटवाया लागंल!"

बाप टिंगल करत होता. पण विश्वजितने काडेपेटी खिशात टाकली.

पिंपळाखाली काचा फुटलेल्या तसबिरी होत्या, एक बिनसोंडेचा गणपती होता. राणी नव्हती. राजाबाईंनी बोट दाखवलं, "हितं ठिवली व्हती." तिथे नुसती पानं. विश्वजित गुडघ्यावर बसून पानं चाळायला लागला. गाडी येऊन गेली असेल का, हे कुणाला विचारायची हिंमत होईना.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. हातात फुलांची परडी घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या, पलीकडच्या सोसायटीतल्या वैशालीताई.

विश्वजितने मान वर केली, तर त्यांच्या मागे, खोडाच्या ढोलीत, राणी उभी. अंगभर हळदकुंकू, पायाशी झेंडू.

"ती... आमची आहे."

"हात नका लावू. खाली पडली होती, मी वर ठेवली. जागृत वाटते."

राजाबाई पुढे झाल्या. "बाई, आमचीच हाय ती."

"कशावरून?"

"हिचं डोकं आमच्या घरी हाय."

वैशालीताईंनी मायलेकांकडे आळीपाळीने पाहिलं. असं वाक्य त्यांनी ऐकलेलं नसावं. विश्वजितने काडेपेटी उघडून पुढे धरली. आत वाटाण्याएवढं डोकं. दोन वळणदार शिंगं, बाहेर आलेले सुळे.

वैशालीताई दोन पावलं मागे सरल्या.

"न्या. आधी न्या."

विश्वजितने राणीला ओंजळीत घेतलं. पंख शाबूत, चारी हात शाबूत, झाकणसुद्धा. तो इतका मोठा सुस्कारा सोडून हसला, की वैशालीताई आणखी एक पाऊल सरल्या.

परतताना राजाबाई म्हणाल्या, "शिंगं हायती व्हय. आन् मी हिला आंगूळ घालून नेली."

"कशाने?"

"भांड्याच्या साबनानं, मऊ बुरुशीनं. पारोशी कशी न्यायची?"

विश्वजित रस्त्यातच थांबला. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेल अंगावर राहिलं तर प्रायमरचे पोपडे निघतात. आधी साबणाने धुवा, हे त्या कागदावर पहिल्याच ओळीत असणार. त्याने राणीला पारोशीच रंगवलं असतं.

घरी त्याने कुंकू धुतलं, राणी वाळवली आणि ब्रश पोचो न पोचो, डोकं पहिलं चिकटवलं. बिनडोक्याची आणखी एक रात्र त्याला परवडणारी नव्हती. मग गच्चीवर राणीला चपलांच्या खोक्यात उभं केलं, डबा खळखळ हलवला आणि वीतभर अंतरावरून हलके हलके फवारे मारले. झग्याच्या एका चुणीत लाल ठिपका उरला होता. तोही करड्याखाली गेला. थर कसा एकसारखा बसला, कुठे पोपडा नाही, कुठे ओघळ नाही.

फोटो पाहून पार्थचा फोन आला. "एक नंबर! नीट धुतली होतीस ना?"

"आईने धुतली," विश्वजित म्हणाला.

शेजारी उभ्या राजाबाई राणीकडे टक लावून बघत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "आता मुंडकं हाय. लगीन जुळंल न्हवं?"