प्रकाशा: आईची राहिलेली काशी

आई काशीहून आली, पण तिची काशी संपली नव्हती. आमच्याकडे काशी करून आलेला माणूस प्रकाशाला जातो आणि पुष्पदंतेश्वराला गंगेचं पाणी वाहतो, तेव्हा यात्रा पुरी होते. त्यानंतर घरी मावंदं, म्हणजे यात्रेचं जेवण. नातेवाइकांना मी रविवार सांगून बसलो होतो, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दोघं नंदुरबार स्टँडवर उभे होतो. आईने काशीहून गंगेचे दोन सीलबंद गडू आणले होते. एक मावंद्याच्या पूजेसाठी घरी ठेवला, दुसरा टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत. तो मी सारखा चाचपून पाहत होतो.

"तो काय पळी जाणार शे का?" आई म्हणाली.

शहाद्याकडे जाणारी एसटी प्रकाशाला थांबते. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे दोघांचं भाडं शंभराच्या आत भागलं. नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, म्हणजे वाळत घातलेल्या मिरच्यांची लांबच लांब लाल जमीन. बसमध्ये सगळे शिंकत असतात. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी रुमाल जवळ ठेवावा, पण खिडकीची जागा सोडू नये. पुढे केळी, पपई, ऊस, आणि मग तापी. बंधाऱ्यामुळे पाणी रुंद आणि संथ पसरलेलं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पिशवी चाचपायचंही विसरलो.

नदीकाठी आधी केदारेश्वराचं देऊळ पाहिलं. दगडी बांधकाम, समोर उंच दीपमाळ. दगडावर दगड इतका नेमका बसलेला की फटीत नखही जाणार नाही. मी दीपमाळेपाशीच रेंगाळलो. आई रांगेत शिरली आणि गडू मागू लागली. मी चपला कुठे ठेवाव्यात या काळजीत होतो.

"हाऊच ना तो?" तिने देवळाकडे बोट करून विचारलं.

मी चपलांकडे बघतच "हो" म्हणालो आणि गडू दिला.

ती बाहेर आली तेव्हा गडूचं सील फुटलेलं होतं. शेजारी फुलं विकणाऱ्या बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. "काशीनं पानी का, माय? ते पुष्पदंतेश्वरले वाहतस. हाऊ केदारेश्वर शे."

आई पायरीवर बसली. मी भराभर बोलू लागलो, घरचा दुसरा गडू घेऊन येतो, दुपारपर्यंत परत येईन.

"आणि उद्या पूजाले काय ठेवशी? नळनं पानी?"

"मग मावंदं पुढे ढकलू."

"आख्खा गोतले सांगेल शे. ढकलू म्हणस."

मग तिने गडू कानाशी नेऊन हलवला. बारीक तोंडाचा गडू कधी पुरता रिकामा होत नाही. आत थोडं पाणी हललं. ती उठली, घाट उतरली आणि तापीत गडू बुडवला.

"असं चालतं का?" मी मागून विचारलं.

"तू चपला सांभाळ."

पुष्पदंतेश्वराचं देऊळ जवळच आहे. तिथे गर्दी कमी होती. पुष्पदंत नावाच्या गंधर्वाने इथे महादेवाची उपासना केली असं सांगतात. असं देऊळ काशीतही नाही, असंही इथले लोक म्हणतात. आत गारवा होता, बेलाचा ओला वास होता. वयस्कर गुरुजींनी गडू पाहून विचारलं, "काशीचं का?"

आई 'हो' म्हणेल असं मला वाटलं. खरं तर म्हणावं असंच वाटत होतं.

"थोडी गंगा शे, बाकी तापी," ती म्हणाली. "मन्हा हातथीन चूक व्हयनी, बाबा."

गुरुजींनी गडू कपाळाला लावला. "चूक झाली तर झाली. तापीच्या काठावर बसून मी तापीला नको म्हणू का? वाहा."

आईने पाणी वाहिलं. अगदी हळू, धार तुटू न देता. मी तिला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर गरम भजी आणि चहा घेतला. परतीची बस वेळेवर मिळाली. देवळं दुपारच्या उन्हाआधी पाहावीत आणि घाटावर बसायला वेळ हाताशी ठेवावा. मला पुन्हा जायचं आहे, नुसती ती दीपमाळ नीट बघायला.

रविवारी घरी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. आईने झालेली गोष्ट पंगतीत स्वतःच सगळ्यांना सांगितली. मला वाटलं होतं, ती झाकेल. आत्याने घास हातातच धरून विचारलं, "मंग पुरी व्हयनी का तुन्ही काशी?"

आईने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप सोडलं.

"व्हयनी. जेव ताई."