तंबूतले महादप्पा काका

किल्लारीत आमच्या शेजारी रोज जेवणं आटोपली की एक नवरा अंगणातून ओरडायचा, "छत हाय का?" आणि घरातून त्याची बायको ओरडायची, "हाय की!" मग तो म्हणायचा, "बरं. नीज." झाला संसारातला दिवसाचा शेवटचा संवाद! नवरा अंगणातल्या तंबूत, बायको पक्क्या घरात. हा प्रयोग तीसेक वर्षं चालला, आणि भिंतीपलीकडच्या माझ्यासारख्या फुकट्या प्रेक्षकानं तो क्वचितच चुकवला.

भूकंप झाला तेव्हा महादप्पा काका शेतात राखणीला, उघड्यावर झोपले होते. त्यांच्या अंगावर काडीसुद्धा पडली नाही. घराचं माळवद, ते दगडमातीचं जडशीळ छत, काकू आणि त्यांची धाकटी लेक शोभा यांच्यावर आलं. काकूंना लोकांनी जिवंत काढलं. शोभाला काढलं तेव्हा उशीर झाला होता. पुढे नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं, पण काकांनी त्यात पाठ टेकली नाही. ताट अंगणात, पूजा तंबूत. एक तंबू फाटला की दुसरा.

"माळवद माझ्या अंगावर पडलं, अन् भ्याले हे!" काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

"तू खाली होतीस, तुला काय दिसलं?" काका म्हणायचे. "म्या ढिगाऱ्यावरून बघितलो."

यावर काकूंचं हसू मावळायचं.

एरवी काका म्हणजे नमुना होते. कुणाच्या घरी गेले की आधी यजमानाकडे नाही, वर तुळयांकडे बघायचे. माझ्या लग्नात मात्र मांडवाखाली पाय पसरून बसले. "कापडाचं छत! तुझा सासरा लई हुशार हाय, नाटक्या." नाटक्या म्हणजे मी. मी स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा त्यांनी काठीनं भिंत ठोकून बघितली, फाटकाबाहेरूनच आहेर दिला आणि म्हणाले, "घर बेस हाय. फकस्त झोपू नको त्यात."

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. "हिनं भाईर यावं, नाटक्या. रोज निजताना वाटतं, घर पुन्हा हिच्यावर येतंय." काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं: "मला खोकला हाय. तुमच्या तंबूत बर्फ पडतो."

गेल्या पौषात लातूरच्या जावयानं तोडगा काढला. तो डोंगरावर मुक्कामाला जाताना नेतो, तो गॅसचा हिटर त्यानं आणून दिला. छोट्या सिलेंडरच्या डोक्यावर जाळीदार थाळी, चावी फिरवली की लालबुंद. जावयानं बजावलं, की कापडापासून लांब, सपाट जागी ठेवायचा, तंबूचा पडदा वरखाली उघडा हवा, आणि पेटता ठेवून कधीही झोपायचं नाही. काकांनी त्याचा मंत्रच केला: "आधी पडदा, मग चावी. चावी बंद, मग डोळे." निजण्याआधी ते हिटर सिलेंडरसकट लिंबाखाली ठेवून यायचे.

काकू म्हणाल्या, "बघा बाई, गॅसला भाईर झोपवत्यात अन् मला आत!" पण तंबूत गेल्या. भिंतीपलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू यायचं, नुकतं लग्न झाल्यासारखं. छताची चौकशी बंद पडली. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण काकांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी म्हैस सुटली. काका तिच्यामागे धावले. काकू तंबूत एकट्या होत्या, आणि वारं पडद्यातून आत घुसत होतं. त्यांनी पडदा घट्ट बांधला आणि खालच्या फटीवर वाकळ दाबून बसवली. हिटर चालूच होता. जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई ती. डोळे चुरचुरत नाहीत, तिथं भीती कसली?

"अगं, पडदा बांधलीस व्हय?" एवढं मी ऐकलं. मग काकांची किंकाळी. भिंतीवरून उडी मारून गेलो, तर त्यांनी चावी बंद करून काकूंना लिंबाखाली ओढत आणलं होतं आणि टॉवेलानं वारा घालत होते. "हवा घे गं. घे की हवा."

जीपनं लातूर गाठलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावलं, की कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, धूर नाही. माणसाला वाटतं, झोप येतेय. काकू वाचल्या.

परतताना जीपमध्ये काका म्हणाले, "चुलीचा धूर सांगून येतो. ह्यो मुका हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "छताला भिऊन हिला आणलो, अन् कापडात कोंडून मारत होतो."

"बांधले मी. तुम्ही न्हवं," काकू म्हणाल्या. काकांनी ते कानावर घेतलं नाही.

घरी पोचल्यावर काकांनी तंबूतून अंथरूण उचललं. उंबऱ्यापाशी थांबले. वर बघत किती तरी वेळ उभे राहिले, आणि आत गेले. दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून काकूंच्या शेजारी आडवे झाले. भिंतीपलीकडून मी ऐकलं, काकूच सांगत होत्या, "छत हाय हो. निजा."

ते निजत नसत, हे काकूंनी नंतर सांगितलं. एक हात त्यांच्या अंगावर आडवा आणि डोळे छताला लावलेले. जणू ते पडलंच तर आपल्याच हातावर झेलणार होते. चार माणसांत बसून हसवणारा माणूस चैत्रापर्यंत वाळून गेला. एका सकाळी काकूंनी चहा आणला, तेव्हा हात तसाच आडवा होता, डोळे तसेच वर.

माती झाल्यावर जावई तंबू उतरवायला आला. काकूंनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः जाऊन पडदा मागे उलटवून सुतळीनं पक्का बांधून आल्या, पुन्हा कधी मिटणार नाही असा.

अजूनही जेवणं आटोपली की त्या दारात येतात. रिकाम्या तंबूकडे बघून, कुणी विचारलेलं नसताना ओरडतात, "हाय की!"

मग जरा वेळ थांबतात. पुढचं वाक्य मला तोंडपाठ आहे. पण ते माझं नाही, म्हणून मी भिंतीपलीकडे गप्प बसतो.