घरी आलेलं प्रभुभोजन

जयसिंगपूरहून परतताना माझ्या मोटरसायकलवरून माझे वडील, आबा, पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सगळे विचारू लागले, तेव्हा मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. खरं म्हणजे मी मोबाइल बघत होतो. पुढची उसाची ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या रविवारी चर्चमधल्या मंडळीनं मला साक्ष द्यायला उभं केलं. प्रभूनं दोघांचा जीव कसा वाचवला, हे सांगताना ते कुत्रंही आलंच. लोक 'आमेन' म्हणाले. तेव्हापासून प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घ्यायचा रविवार आला, की आबांजवळ कुणीतरी हवं म्हणून मी घरी थांबू लागलो. त्याचंही लोकांनी कौतुकच केलं.

आबांनी फौंड्रीत तापलेल्या लोखंडापुढे उभं राहून मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता ते खाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरानं गाडी सावरली म्हणून मी हाय." ते सुरू झालं, की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जायचो.

मग एके दिवशी चर्चचे पाळकसाहेब आबांसाठी प्रभुभोजन घेऊन गडमुडशिंगीला आमच्या घरीच आले. चर्चमध्ये मागच्या बाकावरून उठून जाता येतं. आमच्या एका खोलीत कुठं जाणार? आईनं स्टुलावर धुतलेला रुमाल अंथरला. कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी मिटवा, असं पाळकसाहेब म्हणाले. ते दर वेळी म्हणतात. सांगितलं तर आबा पुन्हा माझ्याकडं बघणार नाहीत, असं वाटलं. पण न सांगता ती भाकर घ्यायची भीती त्याहून मोठी होती.

"आबा, कुत्रं आलंच न्हवतं. मी मोबाइल बघत हुतो."

आईनं तोंडाला पदर लावला. आबा वर पत्र्याकडे बघत राहिले. आता पाळकसाहेब सामान आवरून निघतील, असं मला वाटत होतं.

"उगंच त्या कुत्र्याला शिव्या घातल्या की मी," आबा म्हणाले. आवाजात हसू नव्हतं. "मंडळीतबी हेच सांगितलंस न्हवं?"

मी मान हलवली.

"मग तितंबी खरं सांगायचं." ते पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, आधी त्येला द्या."

पाळकसाहेबांनी तुकडा माझ्या तळव्यावर ठेवून माझी मूठ मिटली. मंडळीपुढं उभं राहायची भीती तशीच होती. तरी मी ती भाकर खाल्ली.